माकडं हाकलायला गेलेली आई

कांदिवलीच्या चारकोपात सुलक्षणा परब कुठे राहतात असं विचारत हिंडलात तर कोणी दाद देणार नाही. पण 'पाणूची आजी' म्हणा, गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा तुमचं बोट धरून दारापर्यंत नेऊन सोडेल. पाणू म्हणजे पाणमांजराचं पिल्लू. 'पाणूचं तळं' नावाची अगदी बारक्या, अजून शाळेत न गेलेल्या पोरांची एक परदेशी कार्टून मालिका आहे, ती मराठीत लागते. त्यात तो गुबगुबीत, ओल्या मिशांचा पाणू जे बोलतो, हसतो, शिंकतो, रुसतो, ते सगळं या बाईच्या घशातून निघतं. साठी उलटलेली. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू, आणि आवाज मात्र चार वर्षांच्या पोराचा. देवाची करणी, दुसरं काय!

हा आवाज तिने काही कमावलेला नव्हे. तो वाढलाच नाही, एवढंच. लालबागच्या चाळीत बरोबरीच्या मुलींचे आवाज भरले, हिचा आपला बालवाडीतच राहिला. चाळीच्या गणपतीत नाटक बसलं की बाळ, बाहुली, ससा, जे काही बारकं असेल ते हिच्या वाट्याला. लग्न होऊन गुणाजी परबांच्या घरात आली, तर सासू पहिल्याच दिवशी म्हणाली, "गुण्या, बायको हाडलंस काय पोर?" बँकेतून फोन आला की पलीकडचा म्हणायचा, "बेटा, मम्मी को फोन दो." आता ती स्वतःच मम्मी, कडेवर हर्षद, तिने काय बोलावं? नवऱ्यावर ओरडली तर नवरा हसायचा, भाजीवाल्याशी भांडली तर तो वर एक टोमॅटो टाकून म्हणायचा, "ले बेबी." उभ्या आयुष्यात तिचं म्हणणं कोणी खरं धरलं नाही. मग चाळिशीनंतर नाटकाच्या ओळखीतल्या एका बाईने तिला अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत नेलं, आणि ज्या आवाजाने जन्मभर हसं केलं त्यालाच तिथे मान मिळाला. लहान पोरांचे आवाज बायकाच काढतात तिथे, पण बाकीच्यांना तो काढावा लागतो. हिला नुसतं तोंड उघडायचं असायचं.

आणि मग नात झाली, प्रांजल. पाणू आजीच्या पोटात राहतो, अशी या पोरीची पक्की समजूत. ती कोणी करून दिली नव्हती, तिची तिनेच करून घेतली होती. काही विचारायचं झालं की यायची, आजीच्या पोटाला कान लावायची आणि विचारायची. आई म्हणाली भात संपव, तर पोरगी ढिम्म. पाणू म्हणाला, "ए, माझ्या वाटणीचा पण खा ना," की ताट साफ. प्रांजलची आई दिशा कपाळावर हात मारायची. "आई, एकदा माझ्या बॉसला पण पाणूकडून फोन करा. पगारवाढ तरी होईल!"

दिशा बोरीवलीची. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. सासूसुनेचं पटायचं म्हणजे किती, तर दोघी मिळून हर्षदची टिंगल करायच्या. एकच गोष्ट तिच्या जिवावर यायची, ती म्हणजे गाव. गाव देवगडकडे, घरामागे हापूसची कलमं, सगळं झकास. पण माळ्यावर पाली. मे महिना जवळ आला की दिशा नवऱ्याला म्हणायची, "मी इथेच राहते रे. तुम्ही जा आणि आंबे घेऊन या." दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी जायची. यंदाही तिकिटं काढून ठेवली होती, कणकवलीपर्यंतची, तिच्या नावासकट.

मार्च संपता संपता ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डोकं धरून खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलात नेलं, मशीनला लावलं, आणि तिथून ती घरी आलीच नाही. सकाळी जाताना चपला घालता घालता सासूला सांगून गेली होती, "आई, कोथिंबीर संपलीय हां." हे शेवटचं बोलणं. यात काय धरून ठेवायचं माणसाने?

प्रांजलला तेवढे दिवस शेजारच्या शकुने आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. सगळं आटोपल्यावर आणून सोडलं. पोरगी घरभर फिरली, बाथरूमचं दार ढकलून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. बाबांना विचारलं, तर बाबा तोंड फिरवून गॅलरीत गेले. आजोबांना विचारलं, तर आजोबांनी पेपर उघडला, तोही उलटा. तेव्हा ती आजीकडे आली. आजीला नाही विचारलं तिने. तिने आजीच्या पोटाला कान लावला आणि हळूच म्हणाली, "पाणू, आई कुठेय?"

सुलक्षणाला विचार करायला वेळच मिळाला नाही. पाणू बोलून मोकळा झाला. "अगं, गावाला गेलीय! आंब्यांवर माकडं आलीत ना, हाकलायला नकोत?"

आता हसू नका, आणि शहाणपणाही शिकवू नका. आम्हा कोकणातल्या माणसांचं हे असंच असतं. मुंबईत कोणी दिसेनासं झालं की तो गावाला गेलेला असतो. नोकरी सुटली, गावाला गेला. नवऱ्याशी वाजलं, गावाला गेली. दुसऱ्या घरात पोरीला सांगितलं असतं की आई देवाघरी गेली. पण देवाघरची तिकिटं कोणी काढत नाही, आणि गावची काढलेली होती. हे त्या माउलीच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, कारण प्रांजल खुदकन हसली होती. इतक्या दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. "माकडं? आई घाबरत नाही?" "छ्या! गलोल आहे तिच्याकडे," पाणू म्हणाला, आणि पोरगी वाटीभर वरणभात जेवली.

 रात्री अंथरुणं घालताना गुणाजी म्हणाले, "गे, ह्यां काय सांगून बसलंस?"

"मग तुम्ही सांगायचं होतं ना खरं!" ती म्हणाली. त्यांनी दिवा मालवला.

एक खोटं पोसायला किती खर्च येतो ते पुढे कळलं. दिशाचा हार घातलेला फोटो भिंतीवर लावता येईना, तो कपाटात साड्यांमागे ठेवला. तेरावं बोरीवलीला गुणाजींच्या भावाकडे उरकलं. भेटायला येणाऱ्यांना जिन्यातच थांबवून सांगावं लागे की पोरीसमोर रडू नका, तिला गाव सांगितलंय. आणि पोरगी तर दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच सांगायची, "माझी आई गावाला गेलीय, माकडं हाकलायला." बायका पदर तोंडात कोंबून आत जायच्या. हर्षद रडायचा तो नळ सोडून, बाथरूममध्ये. बादली भरून वाहायची तरी तो बाहेर यायचा नाही, आणि बाहेर सुलक्षणा मोठ्याने म्हणायची, "बाबा आंघोळ करतोय हं."

संध्याकाळी जेवायच्या वेळी प्रांजल पोटाला कान लावायची. आज काय झालं? मग पाणू सांगायचा. आज आईने एका जाड्या माकडाला पळवलं. आज एक पिल्लू आईच्या ओढणीला लोंबकळलं. आज पाल आली, तर आईने तिलाच विचारलं, काय गं, चहा घेणार का? रोजचा एपिसोड. आणि खरं सांगायचं तर नुसती प्रांजलच त्याची वाट बघत नव्हती. सुलक्षणाही बघायची. तेवढा वेळ तिलाही दिशा दिसायची, कलमाखाली ऑफिसचा ड्रेस घालून उभी, हातात गलोल, कपाळावर घाम, तोंडाने शिव्या. जेवणं आटोपली की ती नाहीशी व्हायची. आपण कुणाची समजूत घालतोय, पोरीची की आपली, हे सुलक्षणाला पुरतं कळत होतं. पण सुटेना.

मे महिना जवळ येत होता. गावाला गेल्यावर काय, हा प्रश्न कोणी तोंडातून काढेना. एकदा सुलक्षणानेच काढला. हर्षद म्हणाला, "तिकडे गेल्यावर बघू ना, आई." काय बघणार होता? गाडीतून उतरल्यापासून पोरगी आईला शोधणार. घर, माळा, विहीर, एकेक कलम.  "तिकिटं रद्द करूया," ती म्हणाली. ते ऐकून प्रांजल अशी रडायला लागली की शेजारून शकु धावत आली. गुणाजींना म्हटलं, तुम्ही सांगा, तुम्ही मोठे. ते म्हणाले, "माझ्याच्यान होवचा नाय." म्हणजे शेवटी ओझं तिच्याच डोक्यावर. आणि तिच्यात तेवढा धीर नव्हता.

अशात अंधेरीहून बोलावणं आलं. पाणूच्या नव्या भागांचं डबिंग. तिने नेहमीसारख्या हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, कारण माईकला त्यांची किणकिण ऐकू जाते, आणि काचेच्या आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला वर्सोव्याचा विकी, आणि त्याच्या शेजारी डबिंग करून घेणारी हेमांगी, तिशीतली, कामाला वाघीण.

हेमांगीने कानातल्या हेडफोनमधून सांगितलं, "मावशी, आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. बगळेआजोबा मरतात."

"मरतात? पोरांच्या कार्टूनमध्ये?"

"हो ना. मी पण तेच म्हटलं. आधी मी मऊ करून लिहिलं होतं, 'बगळेआजोबा लांब गावाला गेले.' तर मालिका बनवणाऱ्यांनी परत पाठवलं. त्यांच्याकडे मुलांची डॉक्टर आहे कोणी. ती म्हणते, झोपले, गावाला गेले, असलं काही म्हणायचं नाही. मुलं वाट बघत बसतात. आणि मग त्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं म्हणून माणूस येत नाही. 'मेले' म्हणायचं आणि 'परत येणार नाहीत' म्हणायचं. बस."

हेमांगीला बिचारीला काय ठाऊक! सून गेल्याचं तिला माहीत होतं, भेटून रडूनही गेली होती, पण पाणूने काय सांगून ठेवलंय ते तिच्या कानावर नव्हतं.  पडद्यावर पाणू तळ्याकाठी बसला होता, ओल्या मिशा खाली पाडून. पडद्याच्या कोपऱ्यात वेळेचे लाल आकडे पळाले. तिने तोंड उघडलं, "बगळेआजोबा मेले," आणि आवाज फाटला. जन्मात कधी न फाटलेला आवाज. पाणूच्या तोंडून एका म्हाताऱ्या बाईचा घोगरा हुंदका आला. विकीने हात थांबवला.

"पुन्हा घेऊया मावशी, आरामात."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. गरम पाणी प्यायलं, खुर्ची घेतली, उभी राहिली. हेमांगी आत आली, पाठीवर हात ठेवला, म्हणाली, "आजचं राहू दे का?" तेव्हा सुलक्षणाने नकारार्थी मान हलवली. कोणाच्या तरी घरातली पोरं हे ऐकणार होती, आणि त्यांना खरं कळणार होतं. फक्त तिच्या घरातल्या पोरीला नाही. ती डोळे मिटून बोलली. "बगळेआजोबा मेले. आता ते परत येणार नाहीत. मला खूप वाईट वाटतंय." विकीने अंगठा दाखवला आणि पटकन चष्मा पुसायला घेतला.

घरी येताना तिने ठरवून टाकलं की आज सांगायचं. घरी आली आणि धीर गळाला. असं आठवडाभर चाललं. निघायचा दिवस उद्यावर आला तरी सांगणं काही झालं नाही.

त्या दुपारी बॅगा भरायला काढल्या होत्या. हर्षद ऑफिसात, गुणाजी खाली सोसायटीच्या बाकावर. प्रांजल आपली पाठीला लावायची छोटी बॅग घेऊन आली, गाल लाल, डोळे चमकत होते, जणू लढाई जिंकून आली होती. "आजी, मला कळलं आई फोन का करत नाही ते!"

"का गं?"

"हे बघ!" बॅगेतून तिने पांढरा चार्जर काढला. दिशाचा. पलंगामागच्या प्लगला इतके दिवस तसाच लटकत होता, कोणाचा काढायला हात धजला नव्हता. "ती हा इथेच विसरलीय! फोन बंद झाला असेल तिचा. आजोबा उगाच म्हणतात रेंज नाही. उद्या मी तिला देणार, मग ती म्हणेल, प्रांजल, तू किती शहाणी आहेस."

सुलक्षणा कपड्यांच्या ढिगावरच बसली. महिनाभर ही एवढीशी पोर आई फोन का करत नाही याचा विचार करत होती, आणि एक अक्षर बोलली नव्हती. आपण रोज माकडं नाचवत होतो आणि ही आत कारणं शोधत होती. आता नाही सांगितलं तर ही उद्या चार्जर हातात घेऊन कलमाकलमाखाली फिरेल.

तिने प्रांजलला मांडीवर ओढलं. सवयीने पाणूच आला. "प्रांजल, पाणूला एक सांगायचंय. पाणू चुकला. आई गावाला नाही गेलेली."

पोरीने पोटाला कान लावला नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. "मग कुठे गेली?"

"ती... बगळेआजोबांसारखं..." पण बगळेआजोबांचा भाग अजून टीव्हीवर लागलाच नव्हता. पोरीला काय कळणार? पाणू अडखळला. म्हणाला, "आईचं डोकं खूप दुखलं, आणि मग..."

प्रांजलने आपला तळवा आजीच्या तोंडावर ठेवला. "पाणू, तू गप्प. आजी, तू सांग."

आणि सुलक्षणाला कळेना, 'तू' म्हणजे कोण? साठ वर्षं हाच आवाज. पाणूचा वेगळा आणि आपला वेगळा असं काही होतंच कुठे? तिने पोरीचा हात बाजूला केला. घसा खाकरला. आणि जसा येईल तसा आवाज येऊ दिला. "आई मेली, बाळा. तिच्या डोक्यात आत रक्त आलं. डॉक्टरांनी खूप केलं, पण नाही वाचली. ती आता परत येणार नाही. तुझं काही चुकलं नाही. कोणाचंच नाही."

"गावाला पण नाही?"

"गावाला पण नाही."

"माकडं?"

"माकडं मी सांगितली. खोटी."

प्रांजलने चार्जरची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "बाबाला माहितीय?"

"हो."

"आजोबांना?"

"हो."

"शकुमावशीला?"

सुलक्षणाने मान डोलावली. पोरीचा हातातला चार्जर खाली पडला. "सगळ्यांना माहितीय," ती म्हणाली. "मलाच नाही सांगितलं. माझी आई होती ना?"

   पोरीने टाहो फोडला तेव्हा तिला छातीशी घट्ट धरून, भान नसताना, सुलक्षणाच्या तोंडून पुन्हा तोच निघाला, "ए रडूबाई, ए माझी सोनी..." प्रांजलने तिला दोन्ही हातांनी ढकललं. "पाणू नको! तो खोटं बोलतो! त्याला जायला सांग!"

मग सुलक्षणाने बोलणंच सोडलं. नुसती थोपटत राहिली. पोरगी तिच्याच अंगावर पडून, तिलाच बुक्के मारत रडत होती, आणि रडता रडता कधीतरी झोपली.

गुणाजी वर आले, दारातच त्यांना सगळं उमजलं, आणि त्यांनी जाऊन कपाटातून साड्यांमागचा फोटो काढून आणला. खिळा ठोकला तर पोर जागी होईल म्हणून नुसताच भिंतीला टेकवून ठेवला. मग त्याच्याकडे पाठ करून बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले.

संध्याकाळी हर्षद आला. आईच्या मांडीवर झोपलेली पोर, भिंतीला टेकलेली दिशा. तो चौकटीतच थांबला.

"सांगितलंस?"

"सांगितलं," सुलक्षणा म्हणाली. आवाज बसला होता, ओळखू येत नव्हता. "तिने विचारलं, बाबाला माहितीय का. मी हो म्हटलं. उठली की आधी तुलाच विचारेल, मला का नाही सांगितलंस म्हणून. हर्षद, काय वाट्टेल ते सांग. फक्त खोटं सांगू नकोस."

हर्षदने बूटही काढले नाहीत. तसाच येऊन पोरीच्या उशाशी जमिनीवर बसला, आणि ती उठायची वाट बघत राहिला.